इथली थंडी ज्यांना पुरते

३ नोव्हेंबर

निवृत्त माणसाचे हात शिवशिवतात म्हणतात ते खोटं नाही. शीतगृहात तीस वर्षं तासातासाला तापमान लिहीत आलो. चेंबर एक, चेंबर दोन, चेंबर तीन, कॉम्प्रेसरचा दाब, खाली सही. आता दुपारी चार वाजले की हात आपोआप पेनाकडे जातो आणि लिहायला काही नसतं. ही म्हणाली, "मग घराचं तापमान लिहा." टोमणाच होता, पण मी मनावर घेतला. म्हणून ही वही.

तर आजची नोंद: घराचं तापमान चढलेलं आहे.

सकाळी लेकीचा फोन आला. हिने तो उचलला आणि थेट मागच्या अंगणात गेली. मी पेपराआडून बघत होतो. पाठमोरी उभी, आवाज पार खाली. आत आली तेव्हा डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, "कांदा चिरत होते." अंगणात कुठला आलाय कांदा! मग जरा वेळाने सांगितलं, लेक मार्चमध्ये येतेय, मुंगीला घेऊन, आणि या वेळी जरा जास्त दिवस राहणार आहे.

मुंगी म्हणजे आमची नात. सहा वर्षांची. कुठेही गोड असलं की पोरगी पोचलीच, म्हणून मी ठेवलेलं नाव. राहते उत्तरेला, जिथे हिवाळ्यात खिडकीपर्यंत बर्फ साचतो. जावईबापूंच्या अंगणात ब्लूबेरीची झुडपं आहेत आणि पोरगी त्याशिवाय दुसऱ्या फळाला हात लावत नाही. मी तिथल्या तिथे ठरवलं, यंदा आपल्या अंगणात ब्लूबेरी.

"अहो, बाजारात डबीत मिळते की."

"डबीतली काय, कोणीही देईल. आजोबाच्या झाडाची ती आजोबाच्या झाडाची."

ही तशीच आत निघून गेली. एरवी अशा वाक्यावर हिच्याकडे तीन उत्तरं तयार असतात. हिला काहीतरी झालंय आणि ती ते माझ्यापासून लपवतेय. मला न सांगता डॉक्टरकडे जाऊन आली असेल का? काळजी वाटते.

७ नोव्हेंबर

गावाबाहेरच्या रोपवाटिकेत गेलो होतो. मालकीणबाई पन्नाशीच्या, पायात रबरी बूट, तोंडाने फटकळ.

"ब्लूबेरी द्या. चांगल्यातली."

"चांगल्यातली म्हणजे? साडी घेताय का?"

मग तिने मला मातीच्या पोत्यावर बसवून शाळाच घेतली. हे झुडूप म्हणे हिवाळ्यात झोपतं आणि पोटभर थंडी मिळाल्याशिवाय उठत नाही. उत्तरेकडच्या वाणांना सातआठशे तासांची थंडी लागते. ती इथे आणली की मरत नाहीत, पण जगतही नाहीत. पानं येतात ती किरटी, फुलं नावाला, आणि दोनतीन वर्षांत खेळ खलास. इथे लावायचे ते कमी थंडीत भागवणारे वाण. तिने दोन दाखवले, मिस्टी आणि शार्पब्लू. दोन्ही एकेक न्यायचे, कारण मधमाशी एकावरून दुसऱ्यावर गेली की फळ चांगलं धरतं. माती आंबट हवी. नळाचं क्षाराचं पाणी नको, पावसाचं साठवून घालायचं. बुडाशी पाइनच्या वाळक्या सुया पसरायच्या.

"आणि पहिल्या वर्षी फुलं आली की खुडून टाकायची," बाई म्हणाली.

"खुडून? मग मी खाऊ काय, पानं?"

"नव्या जागी आलेलं रोप आहे ते. आधी मुळं धरू द्या त्याला. आल्या आल्या फळ मागू नये."

मी म्हटलं माझी नात येणार आहे, मला याच वर्षी फळ हवं. त्यावर बाईने काय म्हणावं? "मग डबीतली घ्या." अरे, एक घरात आहे तेवढी पुरे होती की! तसाच हात हलवत परत आलो.

८ नोव्हेंबर

योगायोग बघा. आज जावईबापूंचा फोन! वर्षाकाठी दोनदा बोलणारा माणूस, आज चांगला अर्धा तास बोलला. बोलणं कसं, लोण्यासारखं. 'बाबा' म्हटल्याशिवाय वाक्य नाही. हिचं मत असं की तो जास्तच गोड आहे. हिला सोन्यातही पितळ दिसतं.

मी रोपवाटिकेची हकिगत सांगितली. तो हसला. "बाबा, कुठलं ते मिस्टी-फिस्टी? मुंगी आपल्या घरच्या झाडाशिवाय तोंड लावत नाही. ब्लूक्रॉप जात आहे ती. मी दोन पाठवून देतो."

"पण थंडीचं काय?"

"तुम्ही शीतगृहवाले. तुम्हाला थंडीची काय कमी?"

माणसाने एका वाक्यात माझ्या तीस वर्षांची कदर केली. घरात कोणाला सुचलं होतं का हे?

मग म्हणाला, "त्या कधी येतायत म्हणालात?" मी म्हणालो होतो का, आठवत नाही. म्हणालो असेनच. म्हटलं, मार्चमध्ये. तो म्हणाला, "हो हो, मार्च. माझ्या डोक्यातून गेलं होतं. जास्त दिवस ना?" म्हटलं, हो, जास्त दिवस. "तिला सांगू नका हं मी फोन केला होता. झाडांचं सरप्राइज राहू दे." हौशी आहे पोरगा. आमच्या वेळचे जावई सासऱ्याशी हवामानापलीकडे बोलत नसत.

२० नोव्हेंबर

पार्सल आलं. दोन झुडपं, मुळांशी ओलं गोणपाट, प्रत्येक फांदी कागदात गुंडाळलेली. किती निगुतीचं काम! जावईबापूंच्या हाताला शिस्त आहे. हिने पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि हातातली बशी ओट्यावर इतक्या जोरात ठेवली की टवका उडाला.

नेमका त्याच वेळी लेकीचा फोन. सरप्राइज ठेवायचं होतं, कबूल, पण मी आनंदात होतो. सांगून टाकलं.

"बाबा, तुम्ही त्याच्याशी बोललात? काय काय बोललात?"

"झाडांचं. दुसरं काय? आणि तुम्ही मार्चमध्ये येताय ते."

  लेक अगदी हळू म्हणाली, "ती झाडं लावू नका बाबा. तिथली लावा. तिथे जगतील अशी." एवढ्यात तिच्याकडे कुठलं तरी दार वाजलं आणि फोन बंद झाला.

ही माझ्यावर खेकसली, "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही! एक तीळ!"

झाडांचं सरप्राइज फोडलं एवढ्यावरून इतका संताप? हिची तब्येत नक्की बिघडलीय.

२८ नोव्हेंबर

लेकीने मार्चचं तिकीट रद्द केलं. कारण सांगत नाही. "बघू नंतर," एवढंच. मुंगीला फोनवर बोलाव म्हटलं तर म्हणे झोपलीय. दुपारी बारा वाजता?

इकडे ही मला न विचारता रोपवाटिकेत जाऊन मिस्टी आणि शार्पब्लू घेऊन आली. बसमधून, मांडीवर कुंड्या ठेवून. पाइनच्या सुयांचं पोतं, पावसाच्या पाण्याला पिंप, सगळं रीतसर. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मांडलीत. माझी ब्लूक्रॉप फाटकापाशी. एका अंगणात दोन सवती नांदाव्यात तशी दोन्ही जोड्यांची तऱ्हा. मी हिच्या कुंड्यांना पाणी घालत नाही, ही माझ्या कुंड्यांकडे बघत नाही.

१४ डिसेंबर

ब्लूक्रॉपची पानं गळून गेली. आता त्यांना थंडी हवी आणि आमचा हिवाळा म्हणजे सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. म्हणून आज दोन्ही कुंड्या शीतगृहात नेल्या. माझ्या जागी आलेला ऑपरेटर चांगला आहे, मला अजून 'साहेब' म्हणतो. रिकाम्या चेंबर दोनमध्ये ठेवायचं ठरलं होतं, पण तो दुरुस्तीला बंद निघाला. तीनमध्ये सफरचंदांच्या पेट्या छतापर्यंत लागल्यात, त्यांच्या शेजारी कोपऱ्यात जागा होती. म्हटलं, थंडी ती थंडीच. मी यंत्राचा माणूस. आत माल काय येतो ते बघणं माझ्याकडे कधी नव्हतं.

घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, "सफरचंदांजवळ? अहो, केळी पिकायला मी डब्यात सफरचंद टाकते ते काय शोभेला? त्याचा कसला तरी गॅस असतो."

"तुझ्या डब्यातलं शास्त्र चेंबरमध्ये चालत नाही."

जावईबापूंना कळवलं. ते खूश.

९ जानेवारी

जावईबापूंचा आता दर रविवारी फोन असतो. झाडांची चौकशी करतात, हिची करतात, मग बोलता बोलता लेकीचा विषय निघतो. या रविवारी म्हणाले, "तिचा फोन येतो ना अधूनमधून? माझ्या कामाच्या गडबडीत मला कळतही नाही." म्हटलं, येतो की, दर मंगळवारी, वाचनालयातून करते. घरचा फोन बिघडलाय म्हणाली होती. त्यावर जावईबापू म्हणाले, "अच्छा, वाचनालयातून." एवढंच.

काल मंगळवार होऊन गेला. फोन नाही. ही दिवसभर फोनपाशी बसून होती, जेवलीसुद्धा नाही. मी म्हटलं, वाचनालयाला सुट्टी असेल. हिने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून अंगणात गेलो.

मिस्टीला गुलाबी कळ्या धरल्यात. हिच्या कुंडीत. म्हणून बोललो नाही.

१८ जानेवारी

कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की. शिवणाची खोली हिने रिकामी केली. मशीन बाहेर, आत दोन खाटा. एक मोठी, एक लहान. दाराला आतून नवी कडी.

 हिला वेगळं झोपायचंय की काय? इतक्या वर्षांच्या संसारानंतर? मग वाटलं, आजार. रात्री खोकला येत असेल, माझी झोप मोडू नये म्हणून. औषधाच्या बाटल्या शोधल्या, कुठेच नाहीत. पण लहान खाट कशाला, हे काही डोक्यात शिरेना.

शेवटी समोर जाऊन उभा राहिलो. "तुला काय झालंय ते सांग. मी ऐकायला तयार आहे."

ही रडायलाच लागली. "मला काही झालेलं नाही हो. मला माझी लेक सुखरूप बघायचीय, बस."

लेक सुखरूपच आहे की. स्वतःचं घर आहे, नवरा कमावता आहे, त्याला दारूचं व्यसन नाही, आवाजसुद्धा चढवत नाही. आयांना उगाच घोर लावून घ्यायची सवय असते. तरी मी हिच्या पाठीवरून हात फिरवला. बरं वाटलं असावं.

४ फेब्रुवारी

आल्या! न कळवता, आज दुपारी! फाटक वाजलं म्हणून बघतो तर लेक आणि मुंगी. लेकीच्या पायात घरातल्या सपाता. एवढ्या लांबच्या प्रवासाला सपाता? सामान म्हणाल तर शाळेचं एक दप्तर, तेही मुंगीचं. लेक वाळलीय. म्हटलं, "अगं, कोट कुठाय?" म्हणाली, "इथे कशाला लागतो कोट?" ते बाकी खरं.

मुंगी बोलत नाही. आईच्या कानात कुजबुजते तेवढंच. मी गंमत म्हणून ताटावर चमचा जोरात वाजवला, "चला, मुंगीबाईंची वरात आली!" तर पोरगी टेबलाखाली. हाका मारल्या, बाहेर येईना. मला वाटलं लपाछपी खेळतेय, मीही वाकून "भोक्!" केलं. लेक ओरडली, "बाबा, नको!" आजोबांची ओळख मोडलीय, दुसरं काय. चार दिवसांत येईल लायनीवर.

तिला खिडकीखाली नेऊन मिस्टीची फुलं दाखवली. पांढरी, उलट्या घंटीसारखी. तिने एका फुलाला बोट लावलं आणि पटकन काढून घेतलं. मी म्हटलं, लाव गं, मोडत नाही.

जावईबापू काळजीत असतील म्हणून संध्याकाळी निरोप टाकला: 'सुखरूप पोचल्या. चिंता नसावी. मिस्टी फुलली आहे, ब्लूक्रॉप अजून थंडीत.'

५ फेब्रुवारी

काय लिहू?

सकाळी चहा पिताना माझा फोन वाजला. जावईबापूंचं उत्तर. मी मोठ्याने वाचून दाखवलं: 'आभारी आहे बाबा. निघतोय. उद्या दुपारपर्यंत पोचतो. माझी झाडं बघायला.'

लेकीच्या हातातून कप सुटला. मुंगी टेबलाखाली गेली. हिने माझ्या हातातून फोन ओढून घेतला, वरचा माझा निरोप वाचला.

"तुम्ही कळवलंत त्याला."

"नवरा आहे तो तिचा. कळवायचं नाही?"

 लेकीने झग्याची बाही वर सरकवली. दंडावर चार बोटांचे काळेनिळे वण होते, आतल्या बाजूला अंगठ्याचा. त्याखाली जुने, पिवळे पडत चाललेले. मग म्हणाली, "मंगळवारचं त्याला कळलं ना बाबा, त्या दिवसापासून हे थांबलंच नाही."

मंगळवारचं मी सांगितलं होतं.

मी हिला विचारलं, मला का नाही सांगितलंत. ही म्हणाली, "सांगणार होतो. तुम्ही पहिल्याच आठवड्यात त्याला मार्च सांगून टाकलात. मग हिंमत झाली नाही." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात. मी त्या गोगलगायीला दर रविवारी हाताने पानं भरवत होतो. लाज वाटते. स्वतःच्या लेकीची वाट मी स्वतःच्या तोंडाने दाखवली.

ठरलं ते असं: उद्या सकाळी सगळ्यांनी मिळून पोलीस चौकी. आजच चला म्हणत होतो, पण लेक उभी राहीना.  "उद्या," म्हणाली, "आज फक्त दार लावून झोपू द्या." दारं तपासली. दोनदा.

६ फेब्रुवारी

आजची नोंद चुकवायची नाही.

दुपारी येणार म्हणाला होता, सकाळीच आला. आम्ही निघायच्या तयारीत होतो. मी अंगणात, बाकी तिघी आत. फाटकाशी गाडी थांबली आणि हा उतरला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात मुंगीसाठी बाहुली.

मला एकच सुचलं. ओरडलो, "या, या, जावईबापू! अलभ्य लाभ!" इतका मोठ्याने की शेजारच्यांची खिडकी उघडली. आत भांड्याचा आवाज झाला आणि थांबला. हिने ऐकलं होतं.

"कुठे आहेत दोघी?" तो पायरीकडे निघाला.

"बाजारात गेल्यात तिघी. तासाभरात येतील. तोवर आधी झाडं! आत जाऊन काय करता, आत मी एकटाच बोअर करणार. शीतगृह इथे दहा मिनिटांवर." आणि त्याचा हात धरून गाडीकडे वळवला. त्याने दाराकडे पाहिलं. मी बोलत राहिलो. माझ्या बडबडीला आयुष्यभर लोक कंटाळले. आज मी ती धरणाचं दार उघडावं तशी सोडली. आंबट माती, पावसाचं पाणी, रोपवाटिकेतल्या बाईचे बूट, मिस्टीच्या फुलात मधमाशी कशी शिरते, शार्पब्लूचं फळ नाजूक कसं. सासऱ्याला मध्येच तोडता येत नाही, आणि गोड माणसाला तर नाहीच नाही. तो हूं हूं करत गाडी चालवत होता. मागच्या गल्लीतून तिघी चौकीकडे निघाल्या असतील, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता, आणि तोंड आपलं चालू.

चेंबर तीनचं दार उघडून त्याला आत नेलं. पेट्यांच्या शेजारी कोपऱ्यात दोन्ही कुंड्या. मी दिवा लावला. त्याने एका फांदीला हात लावला आणि कळ्या खाली पडल्या. सुकलेल्या, तपकिरी. दुसऱ्या फांदीचंही तेच. हिच्या डब्यातलं शास्त्र बरोबर होतं. सफरचंदांचा तो गॅस दिसत नाही, त्याला वास नाही. नुसतं शेजारी राहून सगळ्या कळ्या मेल्या होत्या.

"हे काय केलंत?"

"अरे, शेजारी सफरचंदं होती, माझ्या लक्षात..."

त्याने माझा दंड धरला. आवाज अजिबात चढला नाही, उलट खाली गेला. "एक काम सांगितलं होतं तुम्हाला. एक. तुमच्या लेकीसारखेच निघालात." चार बोटं बाहेरून, अंगठा आतून. तीच जागा. मी सत्तरीला आलोय, आजवर खूप लोकांशी भांडलो, पण इतका कधी घाबरलो नव्हतो. आणि पोरगी हे वर्षानुवर्षं सोसत होती, मुंगी टेबलाखालून बघत होती.

मग बोटं सुटली. त्याने हसू परत आणलं, दिवा लागावा तसं. "सॉरी बाबा. प्रवासाचा शीण. चला घरी." आणि कुंडी उचलायला खाली वाकला.

मी दारात होतो. जाड दार, बाहेरून दांडा. माझा हात दांड्यावर होता. खोटं कशाला लिहू, क्षणभर तो दांडा मी ओढला होता. दार थोडं हललंही. पण नव्या ऑपरेटरला पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवायचो: आत माणूस असताना दार ओढायचं नाही, कोणीही असो. हात आपोआप सुटला. माझी भलाई नव्हे ती, सवय.

ऑपरेटरला म्हटलं, "साहेबांना चहा पाज, सगळी यंत्रं दाखव, कॉम्प्रेसरपासून." पोरगा हुशार, माझा चेहरा बघून समजला. त्याने यंत्रं दाखवली, मी प्रत्येक यंत्राचा इतिहास सांगितला. जावईबापू तिसऱ्यांदा घड्याळ बघून म्हणाले, "त्या आल्या असतील आता." मी म्हटलं, आल्या असतील.

घरी पोचलो तर आल्या नव्हत्या. फाटकाशी पोलिसांची जीप होती. त्याने ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मला काही बोलला नाहीत बाबा."

"बोलत तर होतो सारखा," मी म्हटलं.

१५ फेब्रुवारी

कोर्टाचा तात्पुरता हुकूम मिळाला. त्याने या घराच्या आणि मुंगीच्या शाळेच्या जवळ यायचं नाही. पुढे तारखा आहेत, वकीलबाई म्हणते दमाने घ्या. लेक फाटक वाजलं की अजून दचकते. मीही दचकतो, पण कोणाला सांगितलेलं नाही. ऑपरेटरने विचारलं, ब्लूक्रॉपच्या कुंड्यांचं काय करू. म्हटलं, त्यांचा दोष नाही, उत्तरेला जाणाऱ्या एखाद्या मालट्रकवाल्याला दे. त्यांच्या थंडीत फुटतील कदाचित.

हिच्यापाशी माफी मागितली. लेकीपाशीही. लेक म्हणाली, "बाबा, त्या दिवशी किती बडबड केलीत हो." आणि हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

२ मार्च

रोपवाटिकेतली बाई स्वतः बघायला आली. मिस्टी आणि शार्पब्लू दोन्ही बहरलीत. म्हणाली, "खुडा." मी म्हटलं, बाई, एवढी सुंदर फुलं. "पहिलं वर्ष आहे. मुळं धरू द्या." या वेळी वाद घातला नाही.

मुंगीला बरोबर घेतलं. मी एका कुंडीपाशी, ती दुसऱ्या. ती अजून माझ्याशी बोलत नाही, पण शेजारी बसते. सगळी फुलं खुडली. मिस्टीच्या आतल्या फांदीवर, पानांआड, एक घोस तिने राहू दिला आणि माझ्याकडे चोरून बघितलं. मी पाण्याच्या पिंपाकडे बघत राहिलो. बाईने विचारलं, झाली का सगळी? म्हटलं, झाली.

३ मे

आज तो घोस पिकला. मुंगी रोज सकाळी बघून यायची, मी दुसरीकडे बघायचो. आज ती माझी बाही ओढत मला कुंडीपाशी घेऊन गेली. पाचसहा फळं, गर्द निळी, वर पांढुरकी झाक. त्यातलं सगळ्यात मोठं तिने माझ्या तळहातावर ठेवलं.

"आजोबा, खाली बस."

माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य. मी बसलो. तिने दोन्ही हात माझ्या कानाभोवती धरले आणि बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मध्ये थांबली, श्वास घेतला, परत बोलली. शेवटी म्हणाली, "आईला माहितीये. आजीला पण. बाकी कोणाला सांगू नकोस."

ही खिडकीतून बघत होती. मुंगी आत पळाल्यावर डोळे पुसत म्हणाली, "काय म्हणत होती हो?"

"तुला माहितीये म्हणे," मी म्हटलं, "मग मला कशाला विचारतेस?"

फळ गोड होतं. तिने काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.